लोहमार्ग व देशावरील जुन्या पेठा

जुन्या दप्तरांच्या शोधार्थ गांवोगांव हिंडणाऱ्यांस एक अनुभव वारंवार येतो. एखाद्या आडबाजूच्या गांवीं जावें, तों वेशीपासून मध्यापर्यंत रुंद बाजाररस्ता, दोहों अंगांस दगडी जोत्यांचीं दुकानें, मागें चौसोपी वाडे व धान्याचीं पेवें दिसतात. पण त्या सर्वांस साजेल असा व्यापार मात्र गांवांत कोठें आढळत नाहीं. कारण विचारावें तर ग्रामस्थांचें उत्तर ठरलेलें असतें: "गाडी आली आणि पेठ बसली." तेथून दहापांच मैलांवर स्टेशनाच्या आश्रयानें वाढलेल्या गांवीं जाऊन हाच प्रश्न केला, तर तेथेंही उत्तर तयारच असतें: "गाडी आली आणि पेठ वसली." दोन्ही उत्तरें खरीं आहेत. परंतु इतिहाससंशोधकाचें तेवढ्यानें भागत नाहीं. कोणत्या सालीं कोणता मार्ग कोठपर्यंत पोंचला होता, माल कोणत्या जागीं उतरत होता, आणि तेथून पुढें तो कोण वाहून नेत होतें, हें ठरविल्यावांचून पेठेच्या उदयाचा किंवा अस्ताचा काळ निश्चित होत नाहीं. आणि काळ निश्चित न झाल्यास हातीं आलेल्या वह्यांचा अर्थही नीट लागत नाहीं. प्रस्तुत लेखांत या दृष्टीनें मुंबई इलाखा व वऱ्हाड येथील पहिल्या लोहमार्गांचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभीं लोहमार्गापूर्वीची स्थिति थोडक्यांत सांगितली पाहिजे. पेठ ही केवळ पिकाच्या विपुलतेवर वसत नाहीं. जेथें ओझें एका वाहनावरून दुसऱ्या वाहनावर जातें, तेथें ती वसते. कोंकणांतील बंदरांत गलबतांतून उतरलेला माल घाटाच्या पायथ्याशीं बैलांच्या पाठीवर चढे. घाटमाथ्यावर बैल विसावत. आणि पुढें देशावर ज्या गांवीं वाटा फुटत, तेथें गोण्या सुटून मालाची वांटणी होई. या प्रत्येक जागीं उतारू माल ठेवण्यास वखार लागे, उधारीस सावकार लागे, मोजणीस मापारी लागे, बैलांस वैरण व माणसांस शिधा लागे. वर मीठ, नारळ, सुपारी, सुकी मासळी व परदेशी जिन्नस चढत आणि खालीं धान्य, गूळ, तेल, कापूस व कापड उतरे. वाहतुकीचें काम लमाणांचे तांडे व घाटाखालचे बैलवाले करीत. आणि ठरीव रक्कम घेऊन वाटेंतील साऱ्या जकातींसह माल मुक्कामीं पोंचविण्याचा मक्ता हुंडेकरी घेत असे. इंग्रजी अमलांत १८३८ सालीं या इलाख्यांतील अंतर्गत जकाती उठल्या, तेव्हां हुंडेकऱ्याच्या धंद्याचा अर्धा प्राण गेला. उरलेला अर्धा पुढें आगगाडीनें घेतला. आडनांव तेवढें अजून ऐकूं येतें.

पेठांच्या ऱ्हासाचा सारा दोष आगगाडीच्या माथीं मारण्याची जी रीत पडली आहे, ती मात्र आम्हांस मान्य नाहीं. नाणेघाटाची गोष्ट घ्या. सातवाहनांच्या शिलालेखामुळें हा घाट आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहेच. कल्याण बंदर व जुन्नर यांमधील हा राबता दोन हजार वर्षांचा. तो मोडूं लागला तो रुळांमुळें नव्हे. पुणें राजधानी झाल्यावर जुन्नरचें महत्त्व उतरलें. दुसऱ्या बाजीरावाच्या काळच्या धामधुमींत तें आणखी उतरलें. आणि १८३० च्या नोव्हेंबरांत गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला, तेव्हां नाणेघाटाची वाहतूक तिकडे वळली. ज्या घाटांत गाडी चढूं शकते, त्याच्याशीं नुसत्या बैलवाटेची स्पर्धा चालत नाहीं. म्हणजे जुन्नरच्या पेठेस पहिला धक्का सडकेचा बसला व लोहमार्गानें केवळ तो कायम केला. जुन्नरकडील वह्या पाहतांना १८३० हें साल १८६३ इतकेंच लक्षांत ठेवलें पाहिजे.

आतां लोहमार्गाकडे वळूं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली, हें शाळेंतील मुलांसही ठाऊक असतें. २१ मैलांचा तो प्रवास, ते तोफांचे आवाज, त्या दिवसाचा समारंभ, यांचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. आम्हांस तें येथें करावयाचें नाहीं. अधिक महत्त्वाचा प्रश्न हा कीं, हे रूळ कोणासाठीं पडले? जगन्नाथ शंकरशेट व जमशेटजी जिजीभाई यांसारख्या मुंबईकरांचें या उद्योगास साहाय्य होतें, हें खरें. परंतु ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीचा मूळ प्रवर्तक जॉन चॅपमन याची दृष्टि कापसावर होती, व १८५१ सालीं त्यानें हिंदुस्थानच्या कापसावर व व्यापारावर एक ग्रंथही लिहिला. इंग्लंडांतील गिरण्यांस अमेरिकेखेरीज दुसरीकडून कापूस हवा होता व तो वऱ्हाडांत होता. १८४९ च्या करारानें कंपनीस भांडवलावर शेंकडा पांच व्याजाची हमी सरकारनें दिली. नफा कमी पडला तर तूट येथील महसुलांतून भरून निघावयाची, अशी ती हमी होती. सारांश, मार्ग आंखतांना मुंबई बंदर व कापसाचा प्रदेश हीं दोन टोकें आधीं ठरलीं. मधल्या पेठा मार्गावर आल्या तर आल्या, न आल्या तर राहिल्या. शेंदोनशें वर्षांच्या बाजारांस वळसा घालून रूळ माळरानांतून गेले, यांत कोणाचें वैर नव्हतें. चढउतार व अंतर पाहून इंजिनियरानें काढलेली ती रेघ होती. पण पेठेच्या दृष्टीनें परिणाम एकच.

कल्याणास १८५४ सालीं गाडी पोंचली. तेथून दोन फांटे निघाले: एक आग्नेयेस बोरघाटाकडे, दुसरा ईशान्येस थळघाटाकडे. हे दोन्ही घाट बांधून होईपर्यंतचीं वर्षें आमच्या विषयाच्या दृष्टीनें अतिशय बोलकीं आहेत, आणि त्यांकडेच लेखकांचें दुर्लक्ष झालेलें आहे.

बोरघाटाच्या पायथ्याशीं खोपोलीस १८५६ च्या मे महिन्यांत गाडी आली. घाटावर खंडाळ्याहून पुण्यास १४ जून १८५८ रोजीं गाडी सुरू झाली. मधला घाट मात्र २१ एप्रिल १८६३ पर्यंत रुळांनीं जोडला गेला नव्हता. म्हणजे जवळजवळ पांच वर्षें मुंबई-पुणें प्रवासाचे तीन तुकडे होते: खालीं आगगाडी, मध्यें माल्कमसाहेबाची सडक, वर पुन्हां आगगाडी. उतारू पालखींतून, तट्टावरून किंवा बैलगाडींतून घाट चढत. मालाची प्रत्येक गांठ खोपोलीस उतरून गाडीवर चढे, व खंडाळ्यास गाडीवरून उतरून पुन्हां डब्यांत जाई. नाना फडणिसांच्या तलावामुळें व वीरेश्वराच्या देवळामुळें माहीत असलेलें हें लहानसें गांव एकदम इलाख्यांतील मोठें उतारूचें ठाणें झालें. यापूर्वी पुण्याकडे जाणारा मनुष्य मुंबईहून होडीनें पनवेलीस येई व तेथून घाट गांठी. पनवेलचें तें उत्पन्न १८५६ पासूनच खोपोलीकडे सरकलें. १८६३ ची वाट पाहावी लागली नाहीं. पनवेल तरीही अगदीं बुडाली नाहीं. मिठाचा व स्थानिक धान्याचा व्यापार तिच्याकडे राहिला, आणि बैलगाड्यांच्या चाकांकरितां ती पुढेंही कित्येक वर्षें प्रसिद्ध होती. आगगाडीमुळें स्टेशनापर्यंत माल नेणाऱ्या बैलगाड्या वाढल्या, त्या वाढल्यामुळें चाकें खपलीं. म्हणजे जिनें एक धंदा नेला, तिनेंच दुसरा टिकविला.

याच काळांत घाटाच्या बांधकामावर मजुरांची जी गर्दी लोटली, तिचाही हिशेब धरला पाहिजे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत १,८३१ फूट चढ, पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांवर माणूस एका वेळीं तेथें राबत होता. इतक्या लोकांस धान्य, मीठ, तेल पुरविणारा बाजार डोंगरांत नवा उभा राहिला. १८५९ च्या आरंभीं मजुरी थकल्यामुळें मजुरांनीं दंगा केला व पहिल्या मक्तेदाराचें काम सुटलें. दुसरा मक्तेदार ट्रेडवेल हा आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला व त्याची विधवा अ‍ॅलिस हिनें हाताखालच्या इंजिनियरांकरवीं काम तडीस नेलें. पटकीनें व अपघातांनीं मेलेल्या मजुरांचीं नांवें मात्र कोणीं टिपून ठेविलीं नाहींत. ज्यांच्या घराण्यांत त्या वेळीं घाटांत किराणा पुरविण्याचा मक्ता होता, त्यांच्या खतावण्या हातीं आल्यास त्या गर्दीचें कांहीं तरी चित्र उभें राहील. १८६३ सालीं घाट जोडला गेला आणि त्या दिवसापासून खोपोलीच्या ठाण्याचें कारणच संपलें. मुख्य मार्ग पळसदरीहून वर गेला. खोपोलीचा मार्ग केवळ फांटा म्हणून उरला. सात वर्षांची पेठ! अशा अल्पायुषी पेठांकडे संशोधकांचें लक्ष जात नाहीं, कारण तेथें वाडे उभे राहिलेले नसतात. पण त्या काळच्या वह्यांत खोपोलीचें नांव दिसलें तर तें याच सात वर्षांचें असण्याचा संभव अधिक.

पुण्यापुढें हीच गोष्ट निराळ्या रीतीनें घडली. १८५८ च्या अखेरीस रूळ दिकसालपर्यंत गेले, १८५९ त बार्शी रोड म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, आणि १८६० त मोहोळावरून सोलापुरास पोंचले. रुळाचें टोक जेथें असेल तेथें त्या हंगामापुरता बाजार भरे, व टोक पुढें सरकलें कीं बाजार उठे. या मार्गाच्या उत्तरेस करमाळें व बार्शी अशा दोन नामांकित पेठा होत्या. दोघींचें पुढें जें झालें तें सारखें नाहीं, म्हणूनच त्यांची तुलना करण्याजोगी आहे.

करमाळें हें निंबाळकरांच्या एका शाखेचें ठाणें. रावरंभा निंबाळकरांचा किल्ला व कमलाभवानीचें देऊळ यांमुळें तें इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. अहमदनगराच्या (आतांच्या अहिल्यानगराच्या) अंगचा बालाघाटाचा प्रदेश व पुणें यांमधील मालाची उलाढाल या पेठेंत होत असे. रूळ दक्षिणेस सुमारें अकरा मैलांवर जेऊरवरून गेले. आतां बालाघाटाकडून येणाऱ्या गाडीवानास करमाळ्यांत माल उतरविण्याचें कारण काय? त्याचे बैल आणखी एक मजल सहज चालत व माल थेट स्टेशनावर जाई. अकरा मैल हें अंतर पेठेस घातक ठरण्याइतकें जवळ आणि उपयोगी पडण्याच्या मानानें दूर होतें. विसाव्या शतकाच्या आरंभींच्या सरकारी गॅझेटियरांत करमाळ्याचा बहुतेक व्यापार स्टेशनांकडे गेल्याची नोंद आहे. जनावरें, धान्य, तेल व कापड यांचा बाजार तेवढा तेथें राहिला होता.

बार्शीस स्टेशन करमाळ्याहूनही दूर, सुमारें एकवीस मैल. तरी बार्शी टिकली, इतकेंच नव्हे तर वाढली. याचें कारण आमच्या मतें तिच्या पाठीशीं असलेला निजामाच्या मुलखाचा विस्तृत प्रदेश हें होय. तिकडून येणारा कापूस व गळिताचें धान्य बार्शीपर्यंत येतां येतां बैल थकलेले असत. शिवाय दोन राज्यांच्या हद्दीवरील पेठ असल्यामुळें नाण्यांची अदलाबदल, हुंडी व अडत हीं कामें तेथेंच व्हावयाचीं. बोजा तेथें उतरणें भागच होतें. पुढें १८९७ सालीं एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियरानें अडीच फुटी रुंदीचा बार्शी लाइट रेल्वेचा मार्ग बार्शी रोडपासून बार्शीपर्यंत घातला. हाच मार्ग नंतर एकीकडे पंढरपुरास व दुसरीकडे १९११ सालीं लातुरास पोंचला आणि १९२७ त मिरजेस मिळाला. लातूर गांठल्याबरोबर बार्शीच्या पाठीशीं असलेल्या प्रदेशाचा मोठा भाग लातुराकडे वळला; लातूरची पेठ मोठी झाली ती तेव्हांपासून. म्हणजे बार्शीस जें रुळांनीं दिलें, त्यांतलें कांहीं रुळांनींच पुढें नेलें. या शतकाच्या आरंभीं तो अडीच फुटी मार्ग रुंद मापाचा झाला, आणि जुने छोटे डबे दाखविण्यापुरते उरले.

सोलापुराविषयीं फार लिहावयास नको. हातमागाचें हें शहर १८६० पासून रुळांवर आलें व १८७७ सालीं तेथें पहिली कापडगिरणी निघाली. गिरणीच्या सुतानें हातसूत कातणारीचा रहाट बंद पाडला, पण विणकराचा माग बंद पाडला नाहीं. उलट तेलंगणांतून पद्मशाली विणकर तेथें येत राहिले. सूत कातणारांच्या वह्या नसतात, म्हणून त्यांचें नुकसान इतिहासांत उमटत नाहीं.

आतां दुसरा फांटा. थळघाटाच्या पायथ्याशीं कसाऱ्यास १ जानेवारी १८६१ रोजीं गाडी आली व घाटावर त्याच वर्षीं इगतपुरीहून नाशिकवरून चाळीसगांवापर्यंत मार्ग खुला झाला. १८६२ त तो जळगांवास व १८६३ त भुसावळास पोंचला. मधला घाट १८६५ च्या आरंभीं जोडला गेला. वाचकांनीं हीं वर्षें नीट पाहावीं. १८६१ ते १८६५ हाच अमेरिकेंतील यादवी युद्धाचा काळ. दक्षिणेकडील संस्थानांचा कापूस अडल्यामुळें आमच्याकडील कापसास सोन्याचा भाव आला, तो याच चार वर्षांत. खानदेशचा कापूस गाडीनें इगतपुरीपर्यंत यावा, तेथें उतरून घाटांतून बैलगाड्यांनीं कसाऱ्यास जावा, व तेथून मुंबईस, अशी ती तऱ्हा होती. त्या चार हंगामांत ज्याच्याजवळ गाडी व बैलजोडी होती त्यास दुसऱ्या भांडवलाची गरज नव्हती.

त्यापूर्वीं वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून पांचशें मैलांवर गंगाकांठीं मिर्झापुरास जात असे, ही गोष्ट आज ऐकणारास खोटी वाटते. वाटेंत पाऊस लागला तर कापूस भिजून जड होई, बैल मरत, तांडा अडकून पडे. पेस्तनजी विकाजी या पारशी पेढीनें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत वऱ्हाडाहून मुंबईकडे कापूस आणण्याचा प्रघात पाडला होता. पण मिर्झापूरची वाट खरोखर बंद पडली ती लोहमार्गानें. १८६७ सालीं रूळ नागपुरास पोंचले आणि १८७० सालीं जबलपुरास कलकत्त्याच्या मार्गास मिळाले. लमाणांच्या तांड्यांचें जिणें येथें संपलें. ज्या लोकांनीं मोंगलांच्या व मराठ्यांच्या फौजांस रसद पुरविली, त्यांच्यापैकीं कित्येक पुढें शेतमजूर झाले, कित्येकांस सरकारनें गुन्हेगार जमातींच्या यादींत घातलें. त्यांच्याजवळ दप्तर नाहीं. परंतु सावकारांच्या वह्यांत तांड्याच्या नायकांच्या नांवें खातीं आढळण्याचा संभव असतो, आणि अशीं खातीं जेथें आढळतील तेथून तीं प्रथम उतरून घ्यावीं अशी आमची विनंति आहे.

वऱ्हाडांत एक विशेष दिसतो तो हा, कीं तेथील मातबर पेठांनीं रुळांपुढें मान तुकविली नाहीं, रुळांसच आपल्याकडे वळविलें. मुख्य मार्ग खामगांवास आठ मैलांवर टाकून जलंबवरून गेला होता व अमरावतीस सहा मैलांवर टाकून बडनेऱ्यावरून. परंतु कापसाच्या उलाढालीचें बळ एवढें होतें कीं १८७० त खामगांवास व १८७१ त अमरावतीस सरकारी फांटे काढावे लागले. करमाळ्यास अकरा मैलांचा फांटा मिळाला नाहीं, खामगांवास आठ मैलांचा मिळाला. कारण अंतर नव्हे. करमाळ्यांतून जें जात असे तें मँचेस्टरास नको होतें. दुसऱ्या बाजूस जळगांव व भुसावळ यांचें भाग्य उदयास आलें. धरणगांव, एरंडोल, पारोळें या जुन्या पेठांपुढें जळगांवाची गणना नव्हती. १९०६ सालीं तें पूर्व खानदेश जिल्ह्याचें मुख्य ठिकाण झालें. भुसावळ तर केवळ रेल्वेनेंच निर्माण केलेलें शहर आहे. रुळांपूर्वीं तें एक खेडें होतें.

येथवर व्यापाऱ्याचा विचार झाला. कुणब्याचें काय झालें, तें पाहिल्यावांचून चित्र पुरें होत नाहीं. १८५८ पासूनचीं दहा वर्षें देशावरील कुणब्यास बरीं गेलीं. रुळांच्या कामावर रोख मजुरी मिळाली, बैलगाडीस भाडें मिळालें, धान्याचा व कापसाचा भाव चढला. हातीं रोकड दिसूं लागली तशी सावकारानें उधारी सैल केली. जमीन गहाण ठेवून कर्ज मिळणें सोपें झालें. मग एकदम सर्व उलटलें. १८६५ त अमेरिकेंतील युद्ध संपून कापूस घसरला, मुंबईंतील शेअरांच्या सट्ट्याचा फुगा फुटला, रुळांचीं कामें संपून मजुरी आटली, आणि त्याच सुमारास नव्या पाहणींत धारा वाढला. १२ मे १८७५ रोजीं सुप्याच्या बाजारांत जो दंगा उसळला व पुणें-नगर जिल्ह्यांत पसरला, त्याच्या चौकशीसाठीं नेमलेल्या कमिशननेंही ही परंपरा नमूद केली आहे. सुपें मुख्य लोहमार्गापासून फार दूर नाहीं, हें नकाशावर पाहावें. दंगेखोरांचा रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, कागदांवर होता. रोखे, गहाणखतें मागून घ्यावयाचीं व जाळावयाचीं. कायद्याच्या दृष्टीनें परिणाम १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांचा कायदा. आमच्या दृष्टीनें परिणाम हा, कीं त्या पट्ट्यांतील कित्येक गांवीं नेमक्या रेल्वेच्या भरभराटीच्या वर्षांचे कर्जरोखे मिळत नाहींत. तेथें दप्तर अपुरें आढळल्यास वाळवीस दोष देण्यापूर्वीं १८७५ आठवावें.

पाठोपाठ १८७६-७७ चा दुष्काळ आला. पूर्वीच्या दुष्काळांत बैल वैरणीवांचून मरत, म्हणून धान्य असलेल्या मुलखांतूनही तें आणतां येत नसे. या वेळीं सोलापुरास धान्य रुळांवरून आलें, हा आगगाडीचा उपकार निर्विवाद आहे. परंतु जेथून तें गेलें तेथेंही भाव चढले. आणि ज्याच्याजवळ विकत घेण्यास पैसा नव्हता, त्याच्या दारावरून धान्याचे डबे गेले काय न गेले काय, सारखेंच. पेवांत धान्य सांठवून सुकाळांतून दुष्काळाची तरतूद करण्याची जुनी रीत यानंतर मोडत गेली, कारण सुगींतच स्टेशनावर रोख गिऱ्हाईक उभें राहूं लागलें. सार्वजनिक सभेनें त्या वेळीं गांवोगांवची माहिती जमवून सरकारास पाठविली, ती या विषयाच्या अभ्यासकानें अवश्य वाचावी. दौंड-मनमाड मार्ग हा याच दुष्काळांतील कामाचें फळ. तो १८७८ सालीं खुला झाला व नगरास तेव्हां गाडी मिळाली.

दक्षिणेकडील हकीकत संक्षेपानें सांगतों. सदर्न मराठा रेल्वेचा पुणें-मिरज मार्ग १८९० च्या सुमारास पुरा झाला, १८९१ त कोल्हापुरास फांटा गेला, आणि गोमंतकांतील मुरगांव बंदर १८८८ पासून कॅसलरॉकवरून रुळांनीं जोडलें गेलें. यामुळें बेळगांव, कोल्हापूर, सातारा या भागांचा जो माल घाट उतरून वेंगुर्लें, राजापूर व चिपळूण येथें गलबतांत चढत असे, त्याचा मोठा भाग रुळांनीं मुंबईस किंवा मुरगांवास जाऊं लागला. कोंकणांतील बंदरें मालाच्या जागीं माणसें पाठवूं लागलीं. मुंबईच्या गिरण्यांत जाणारा चाकरमानी आगबोटींत बसला तो याच धक्क्यांवरून. घाटावर सातारा व कऱ्हाड या शहरांस टाळून स्टेशनें दूर पडलीं. मात्र याच माळांवर पुढें कारखाने निघाले. कुंडल रोड स्टेशनाजवळ औंध संस्थानच्या पडीक जमिनींत लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं वसाहत केली, ती स्टेशन जवळ होतें म्हणूनच. रत्नागिरी जिल्ह्यास स्वतःचे रूळ मिळावयास विसाव्या शतकाची अखेर यावी लागली. कोंकण रेल्वेचा मार्ग १९९८ च्या जानेवारींत अखंड सुरू झाला. पण तोंपर्यंत चिपळुणाच्या खाडींत गलबतें यावयाचीं थांबलीं होतीं.

आतां संग्राहकांसाठीं दोन शब्द. व्यापारी वह्या दिवाळीस बदलत. गुजराती व मारवाडी पेढ्यांवर संवत्, मराठी पेढ्यांवर बहुधा शक. बोरघाट जोडला गेला तो शके १७८५ च्या वैशाखांत, कार्तिकी संवत् १९१९. म्हणून संवत् १९१९ व १९२० या दोन वर्षांच्या वह्या एकाच पेढीच्या मिळाल्यास त्या शेजारीं ठेवून पाहाव्या. पाहावयाचें तें एकूण उलाढालीकडे नव्हे, तर खर्चाच्या सदरांकडे: हुंडेभाडें, बैलभाडें, गाडीभाडें, हमाली, वखारभाडें, वैरण. यांपैकीं कोणतें सदर कोणत्या वर्षीं लहान झालें वा नाहींसें झालें, त्यावरून माल कोठें उतरत होता तें कळतें. दुसरी खूण मापांची. पुण्याकडे मालाची मोजणी पल्ल्यानें, मुंबईस कापसाची ७८४ पौंडी खंडीनें, व रेल्वेची ८२ पौंडांवर भरणाऱ्या बंगाली मणानें. देशावरील वहींत बंगाली मण प्रथम कोठें डोकावतो, हें तारखेसह टिपावें. तिसरी खूण हुंडणावळीची. मुंबईवरील हुंडीचा दर व मुदत गाडीच्या आगमनापूर्वीं व नंतर काय होती, याची चार पेठांचीं जरी कोष्टकें तयार झालीं तरी गॅझेटियरांतील मोघम विधानें तपासून पाहतां येतील.

ऐतिहासिक पत्रें म्हटलीं कीं आमचे लोक पेशव्यांच्या शिक्क्याचा कागद शोधतात आणि त्याखालची लाल कापडांत बांधलेली खतावणी रद्दीवाल्यास देतात. बसलेल्या पेठांत वाडे पाडून नवीं घरें बांधण्याइतका पैसा पुष्कळ दिवस आला नाहीं, म्हणून तेथील माळ्यांवर अशा वह्या राहून गेल्या. आतां ते वाडे पडूं लागले आहेत. करमाळें, जुन्नर, राजापूर, पारोळें या गांवीं ज्यांचें जाणेंयेणें असेल त्यांनीं शके १७५० ते १८२० पर्यंतच्या वह्या, मोडी वाचतां येवो वा न येवो, घराण्याचें नांव व वर्ष वरच्या पुठ्ठ्यावर लिहून एकत्र बांधून ठेवाव्या, आणि मधली एखादी वही चांगली दिसली म्हणून ती संचांतून वेगळी काढूं नये.